पंचांग आणि जिताडा

ज्या घरी मासा चुलीवर चढत नाही, त्या घरातील माणसाने गळ हाती धरावा, ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटते. आमच्या कोपरच्या घरी आत्याबाई याविषयी एकच प्रश्न विचारीत असतात : “खायचा नाही, तर धरायचा कशाला?” प्रश्न सरळ आहे आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. परंतु उत्तर देण्यापूर्वी ही विद्या आहे तरी कशी, हे वाचकांपुढे मांडले पाहिजे.

माझ्या आवडीचा मासा जिताडा. 1790 साली ब्लॉख नावाच्या जर्मन पंडिताने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. इंग्रजीत त्यास आशियाई सी-बास म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. त्याचा जन्म समुद्रालगतच्या खाऱ्या पाण्यात होतो, बाळपण खाड्यांत, खाचरांत व गोड्या पाण्यातही जाते, आणि वंशवृद्धीसाठी तो पुन्हा खाऱ्या पाण्याकडे वळतो. पेण-अलिबागकडील खारेपाटात शेतकरी त्याची पिले आणून घराजवळच्या तळ्यात वाढवितात.

जिताडा धरणाऱ्याचे पहिले हत्यार गळ नव्हे, पंचांग होय! तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा हाच हिशेब. खाडीत जसजसे आत जावे, तसतशी भरती उशिरा पोचते. उल्हास नदी वसईजवळ समुद्रास मिळते; तेथील पाणी कोपरपर्यंत चढावयास वेळ लागणारच. आपल्या ठिकाणचा हा फरक घड्याळ लावून एक पंधरवडा टिपून ठेवावा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी गढूळ व वेगवान असते, अष्टमीच्या भांगात ते मंदावते. मला स्वतःला या दोहोंमधले दिवस अधिक लाभले आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. जिताडा भक्ष्यामागे फार धावत नाही. आडोशास दबा धरून बसतो. पुलाचे खांब, तिवरांची मुळे, बुडालेला ओंडका ही त्याची ठाणी. खारबांधाच्या उघाडीतून ओहोटीस पाणी सुटू लागले, की त्याबरोबर कोळंबी व लहान बोय बाहेर येतात आणि उघाडीच्या तोंडाशी जिताडा त्यांची वाट पाहात असतो. गळ टाकावा तो वाहत्या पाण्याच्या मध्यावर नव्हे, तर वाहते व संथ पाणी जेथे मिळते त्या कडेवर. पहाट आणि दिवेलागणी या वेळा उत्तम.

आमिष जिवंत कोळंबीचे असावे. ती शेपटीकडील पेरात अलगद टोचावी, म्हणजे पोहत राहते. जिताडा घास तोडून घेत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. म्हणून पहिल्या स्पर्शास झटका देऊ नये. दोरी ताणली जाऊ द्यावी आणि मग काठी शांतपणे उचलावी. त्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. यासाठी गळाजवळचा हातभर तंगूस जाड घ्यावा आणि बोटे तेथून दूर ठेवावी. मासा उसळी मारून डोके झाडू लागला, की काठी खाली झुकवावी, पण दोरी सैल पडू देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. जिताडा बहुधा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे जो सर्वांत मोठा मासा पाहून आपली छाती फुगते, ती बहुधा लाखो अंडी घालणारी आई असते. तिला सोडून द्यावे. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवावा, हात ओले करावे, पोटाखाली आधार द्यावा आणि तिला पाण्याबाहेर क्षणभरच ठेवावे. अगदी लहान पिलासही हाच न्याय. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने 1997 साली जिताड्याची पैदास बंदिस्त पाण्यात करून दाखविली, हे खरे. तरी खाडीतला जिताडा खाडीनेच वाढवावयाचा असतो.

आणि म्हणूनच कोपरच्या खाडीत मी गळ टाकीत नाही. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी जिच्यात मिसळते, तिच्यातला मासा कोणाच्या ताटात वाढण्याचे धैर्य मला होत नाही; आणि खाणारा कोणी नसेल, तर केवळ करमणुकीसाठी मुक्या जीवाच्या तोंडात लोखंड रुतविणे मला पटत नाही. तेथे मी फक्त पाणी वाचावयास जातो. गळ घेऊन निघतो तो वर्षातून दोनतीनदा. कोपरच्या पुढचेच स्टेशन दिवा. तेथून रोह्याची गाडी धरिली की पेण. तेथील माझा स्नेही मत्स्याहारी आहे. त्याच्या कुटुंबास पुरेल असा एक मध्यम मासा मिळाला, की मी दोरी गुंडाळतो. आत्याबाईंना मी हेच उत्तर दिले : जो खातो त्याच्यासाठी, आणि त्याला लागेल तेवढाच. त्यांना ते अर्धेच पटले. मलाही त्याहून फारसे अधिक पटलेले नाही.

ज्यांच्या घरी गळ कधीच येणार नाही, त्यांनीही मुलांना एखाद्या रविवारी पंचांग व घड्याळ देऊन खाडीकाठी न्यावे. तिथीवरून भरती वर्तवावी, ती खरी होताना पाहावी, आणि पाण्याचा वास का येतो हे मुलांनी विचारले, तर ते टाळू नये.