एक ट्यूनर, अनेक हक्कदार

एकत्र कुटुंबाच्या पेढीत भाऊ चार असले तरी तिजोरी एकच असते. खरेदी एकाकडे, वसुली दुसऱ्याकडे, अशी कामे वाटता येतात. तिजोरी वाटता येत नाही. म्हणूनच तिला हात कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून लावावा, या शिस्तीवर पेढी टिकते. संगणकातील टीव्ही कार्डासाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता.

२००० नंतरच्या दशकात युरोपात जुने अ‍ॅनालॉग आणि नवे डिजिटल प्रक्षेपण काही वर्षे बरोबरीने चालू होते. साहजिकच दोन्ही घेऊ शकणारी कार्डे बाजारात आली. हॉपॉज कंपनीचे एचव्हीआर-१३०० हे त्यांतलेच. त्यावरील कोनेक्झंटची मुख्य चिप एकच. पण संगणकाला ती चित्र, ध्वनी आणि एमपीईजी प्रवाह अशा वेगवेगळ्या उपकरणांसारखी दिसते. पीसीआयच्या नियमानुसार एका उपकरणात अशी ८ पर्यंत कार्ये असू शकतात आणि लिनक्स प्रत्येक कार्याला स्वतंत्र ड्रायव्हर जोडते.

कार्ये वेगळी, पण ट्यूनरपर्यंत जाणारी वाट सामाईक. एका ड्रायव्हरने डिजिटल कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण चालविले असता दुसऱ्याने अ‍ॅनालॉग वाहिनीसाठी वारंवारिता बदलली, तर मुद्रण वाया जाते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, ड्रायव्हर संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये चालतो. इतरांच्या वापरात असलेली स्मृती एकाने परस्पर मोकळी केली, तर सारा संगणकच ठप्प होऊ शकतो.

लिनक्सच्या ‘सीएक्स-८८’ ड्रायव्हरसमूहाने यावर काढलेला तोडगा व्यापाऱ्याला सहज पटेल. प्रत्येक कार्डाची एक सामाईक वही असते. पहिला येणारा ड्रायव्हर ती उघडतो. नंतरचे ड्रायव्हर, कार्ड कोणत्या खाचेत आहे यावरून तीच वही ओळखतात आणि वापरणाऱ्यांची संख्या एकाने वाढवितात. जाताना प्रत्येक जण ती एकाने कमी करतो; संख्या शून्यावर आणणारा शेवटचा ड्रायव्हर वही मिटतो. वही शोधताना आणि मिटताना कुलूप लावले जाते, म्हणजे दोघांचे हात एकाच वेळी पडत नाहीत.

एमपीईजी कार्यावर तर दोघांचा हक्क: डिजिटल प्रक्षेपण घेणारा आणि अ‍ॅनालॉग चित्राचे एमपीईजीत रूपांतर करणारा. तेथे आधी परवानगी मागावी लागते. दुसऱ्याचे काम चालू असेल तर ‘व्यस्त’ एवढेच उत्तर मिळते.

पडद्यासमोर बसलेल्याला हा नकार खटकतो. परंतु मागणी मुकाट्याने स्वीकारून दुसऱ्याचे काम बिघडविण्यापेक्षा तो केव्हाही बरा. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही: वेळेवर दिलेली स्पष्ट ‘नाही’ ग्राहक विसरतो, ‘हो’ म्हणून बुडविलेला माल तो विसरत नाही.