उतार

कडोदऱ्यास राहणाऱ्या माणसाने डोंगरउताराविषयी लिहावे, हे थोडे हास्यास्पदच आहे. आमच्या या गावी मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि बारडोलीचा रस्ता एकमेकांस छेदतात. सभोवार उसाची शेते, आणि त्यांच्यामधून उठलेल्या कापडाच्या गिरण्या. जमीन इतकी सपाट, की उंच म्हणून बोट दाखवावे ते गिरण्यांच्या धुराड्यांकडेच. तथापि मध्यंतरी चार वर्षे ज्या गोष्टीने माझी झोप उडविली, ती उतारच होय.

आम्ही मूळचे खानदेशातले. सुरतेच्या आसपास पोटासाठी आलेल्या खानदेशी माणसाने गाव सोडले, शेत सोडले, पुष्कळांच्या मुलांनी अहिराणीही सोडली. परंतु सप्तशृंगीचा गड काही सुटला नाही. खानदेश हे देवीचे माहेर, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे चैत्री पौर्णिमा जवळ आली की आमच्या वस्तीतून भगवी निशाणे घेतलेला जथा पायी निघतो. बारडोली, पुढे उनाईचे उष्ण पाण्याचे झरे, वघई, मग सापुताऱ्याचा घाट, आणि हातगडापासून महाराष्ट्र. सारी वाट दोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. ऊन चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर चालावयाचे, दुपारी झाडाखाली पडावयाचे. सपाटीवर मी कोणास हार जात नसे. चढावर दम लागतो, पण दम हा प्रामाणिक असतो. थांबले की तो परत येतो. उताराचे तसे नाही. तो आधी माणसास खुशाल पुढे जाऊ देतो आणि मग हिशेब मांडतो.

2019 साली त्याने माझा हिशेब मांडला. दर्शन घेऊन आम्ही गडावरून नांदुरीकडे पायवाटेने उतरत होतो. नांदुरीपर्यंत सुमारे 10 किलोमीटरांचा घाटरस्ता आहे आणि एस.टी. गाड्याही धावतात, पण चढलो तसे उतरावयाचे, हा आमच्या जथ्याचा रिवाज. माझे वय तेव्हा 57. एका विद्यार्थ्याशी बोलण्याच्या भरात मी पाऊल टाकले ते सुट्या मुरुमावर. गोट्यांवर पाय पडावा तसा पाय सरकला, आणि मी बसलो तो गुडघा पिळूनच. चार तरुणांनी मला खाली आणले. दुखण्यापेक्षा त्या चार जोड्या हातांचे ओझे मला अधिक झाले, हे येथे कबूल करतो.

पुढे 2020 आणि 2021 साली महामारीमुळे यात्राच भरली नाही. 2022 साली भरली, पण मला धीर झाला नाही. जथ्याच्या प्रमुखाने मोठ्या आदबीने सुचविले, “गुरुजी, आपण टेम्पोत बसा. सामानाकडे लक्ष द्यायलाही कोणी जबाबदार माणूस हवाच.” ज्यांनी आयुष्यभर मुलांच्या नाजूक समजुती काढल्या, त्यांना दुसऱ्याने काढलेली समजूत लगेच ओळखू येते. मी घरीच राहिलो.

त्या वर्षी मी उताराचा अभ्यास आरंभिला. गुडघे दाखविले त्या डॉक्टरांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती विद्यार्थ्यांनीही ऐकण्यासारखी आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो, आणि लांबता लांबताच त्याला शरीराचा भार रोखून धरावा लागतो. बैलगाडी उतारावर सोडून मागून दोर धरावा, तसे. या कामात श्वास फुलत नाही, म्हणून ते सोपे वाटते. पण स्नायूंचे सूक्ष्म तंतू त्यात दुखावतात आणि खरी वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. वयानुसार हा दोर झिजतो. त्यातील आशेची गोष्ट अशी, की थोडेथोडे उतरण्याची सवय आधीच लावली, तर तेच स्नायू पुढच्या वेळी बरेच कमी दुखावतात.

कडोदऱ्यात डोंगर कोठून आणावा? आमच्या इमारतीस चार मजले आहेत. मी रोज पहाटे तो जिना उतरू लागलो. (चढावाही लागे, पण ते मी हिशेबात धरीत नसे.) प्रथम पाच वेळा, मग दहा, शेवटी पाठीवर गव्हाची पिशवी घेऊन वीस. रात्रपाळी करून परतणारा एक गिरणी कामगार मला रोज जिन्यावर पाही. एके दिवशी त्याने कळवळून विचारले, “मास्टरजी, कुछ खो गया है क्या?” मी ‘हो’ म्हणालो. तो बिचारा माझ्याबरोबर दोन मजले वाकून शोधीत उतरला!

जिन्यावरच मला माझा दुसरा शत्रू सापडला, तो म्हणजे बायफोकल चष्मा. त्याचा खालचा भाग वाचनाचा; उतरताना नजर नेमकी तेथूनच पायाकडे जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. 2019 साली मुरुम मला दिसलाच नव्हता, हे तेव्हा उमगले. मी केवळ दूरचे पाहण्याचा साधा चष्मा करून घेतला. बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधल्या, म्हणजे बोटे पुढे आपटून नखे काळी पडत नाहीत. आणि एका काठीच्या जागी दोन घेतल्या. उतारावर दोन काठ्या वापरल्यास गुडघ्यावरील भार 12 ते 25 टक्क्यांनी घटतो, असे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले आहे. उतारासाठी काठी थोडी लांब हवी, आणि ती पावलाच्या आधी खाली टेकावयास हवी. मागून टेकलेली काठी केवळ शोभेची.

2023 साली मी पुन्हा गडावर उभा राहिलो, आणि उतरू लागलो. सह्याद्रीचा हा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेला. भूशास्त्रज्ञ त्यास ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या नावावरून आलेला आहे. डोंगर हाच एक जिना! पण तो माणसांच्या पावलांचे माप घेऊन बांधलेला नाही. गडावरच्या माणसांसाठीच्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्या, असे सांगतात. त्या जवळच्याच अभोण्याच्या माहेरवाशीण. त्यांना या दगडांची आणि माणसांच्या गुडघ्यांची चांगली कल्पना असणार.

पहिला टप्पा सुरेख गेला. गुडघे किंचित वाकवून, आखूड पावले टाकीत, सरळ न जाता नागमोडी उतरत होतो. मागून येणारे पुढे जात होते, जाऊ दिले. मग एके ठिकाणी कातळाची कंबरभर उंच कड आली. खाली सुटे दगड. तरुण पोरे उड्या टाकून गेली. मी काठी टेकून पाहिली. ती खालपर्यंत पुरेना. अशा जागी एकच शहाणपणाचा मार्ग असतो. खाली बसावे, हात मागे टेकावेत, आणि लहान मुलासारखे सरकत जावे.

मी उभाच राहिलो. कारण मला 1977 सालचा चैत्र आठवला. मी पंधरा वर्षांचा, आणि आजीबरोबर याच गडावर पायी आलो होतो. उतरताना आजी प्रत्येक मोठ्या कडेशी बसे, लुगडे सावरी, आणि सरकत खाली येई. लोक पाहात. माझ्या वर्गातली दोन मुले जवळच होती. मी झपझप पुढे निघून गेलो आणि नांदुरीस पोहोचून तिच्याशी ओळख नसल्यासारखा एका झाडाखाली बसलो. तासाभराने ती आली. तिचे तळहात खरचटलेले होते. तिने पदराची गाठ सोडून मला पेढा दिला, आणि म्हणाली, “तू दमना व्हशी.” तू दमला असशील.

तिने कधीही त्याविषयी शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. ती गेली त्याला आता कित्येक वर्षे झाली.

मी काठ्या खाली सोडल्या आणि बसलो. कातळ उन्हाने तापला होता. एक हात, मग दुसरा, मग टाच. खाली आमच्या जथ्यातला एक नववीतला मुलगा उभा होता. त्याने मान दुसरीकडे वळविली. त्या वळलेल्या मानेची मला पुरती ओळख होती, म्हणून राग आला नाही. पुढच्या कडेशी मात्र तो थांबलेला दिसला. माझ्या काठ्या त्याने उचलून धरल्या होत्या. मी बसलो, सरकलो, उठलो. त्याने काठ्या हाती दिल्या. आम्ही काही बोललो नाही.

नांदुरीस पोहोचावयास मला इतरांहून दीड तास अधिक लागला. टेम्पो थांबला होता. चहा निवला होता. हात धुताना तळवे चुरचुरले, ते मी पुसून घेतले आणि त्या मुलास हाक मारून पिशवीतला पेढा दिला.