अंगातलं नको, मनातलं नको

एप्रिलमधल्या एका पहाटे मी पलंगाच्या कडेवर बसून होते. एका पायात मोजा चढवलेला, दुसरा हातात. गजर होऊन वीस मिनिटं झाली होती. बाहेर अजून गारवा होता, रस्ता मोकळा होता, पाय दुखत नव्हते, घरात कुणी आजारी नव्हतं. न धावायला एकही कारण नव्हतं आणि तरीही तो दुसरा मोजा काही पायात जाईना. शेवटी पहिलाही काढला आणि आडवी झाले. झोप आली नाहीच.

अकरा वर्षं मी धावते आहे. घर साताऱ्यात, समर्थ मंदिराच्या अलीकडे, त्यामुळे यवतेश्वरचा घाट हीच माझी तालीम. आमच्याकडे २०१२ पासून पावसाळ्यात हिल मॅरेथॉन होते. अर्धं अंतर घाट चढायचा, उरलेलं उतरायचा. ती पाहायला म्हणून गेले आणि पुढच्या वर्षी नंबर लावून उभी राहिले. तेव्हापासून पहाट माझी होती. शाळेत सहा तास उभं राहून शिकवणं, घरातलं सगळं, त्याच्या आधीचा तो एक तास कुणाचाही नव्हता. म्हणून तो जेव्हा नकोसा झाला तेव्हा छंद सुटल्याचं दुःख नव्हतं. घरातलं एखादं माणूस बोलेनासं व्हावं, तसं वाटत होतं.

सुरुवात जानेवारीत झाली. मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावले, ४२.१९५ किलोमीटर. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पस्तीस किलोमीटर मागे पडलेले असतात. घाटात तयार झालेल्या माणसाला तो चढ म्हणजे चढच नव्हे, पण त्या वेळी पायांत काही उरलेलं नसतं. तरी मनासारखी वेळ लागली. मोठ्या शर्यतीनंतर काही दिवस रितेपण येतं, हे धावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चार महिने ज्या तारखेकडे बघत आपण जगलो ती मागे गेलेली असते. फेब्रुवारी असा गेला तर मी फारसं मनावर घेतलं नाही. मार्च गेला. एप्रिलमध्ये तो मोजा हातात राहिला.

सल्ले भरपूर मिळाले. ग्रुपवरच्या एका दादांनी शिस्तीवर लांबलचक लिहून पाठवलं. मोकळेपणी सांगते, त्या सल्ल्यांनी माझं नुकसान केलं, कारण मी ते सगळे पाळले. बूट उशाशी ठेवले. पावसाळ्यातल्या शर्यतीचे पैसे भरून टाकले, म्हणजे मागे फिरायला नको. नको म्हणत असतानाही आठवड्यातून चार दिवस स्वतःला घाटात लोटलं. आणि प्रत्येक वेळी पहिल्या मोठ्या वळणापर्यंतच छाती भरून यायची. जिथं मी कधी बोलत बोलत चढायचे, तिथं कठड्याला हात टेकून उभी राहायचे. मग घरी येऊन स्वतःलाच आळशी म्हणायचे. मी मुलांना कधी आळशी म्हणत नाही. वर्गात मागच्या बाकावर पेंगणारं पोर दिसलं की आधी विचारते, सकाळी काही खाऊन आलास का? स्वतःला ते विचारायचं सुचलं नाही.

विचारलं सासूबाईंनी. मे महिना होता, त्या वर्षभराचे तांदूळ निवडत होत्या आणि मी शेजारी बसून मदत करत होते. बोलता बोलता माझा हात सुपात आणि सुपातून तोंडात जात होता. कच्चे तांदूळ, कुडुमकुडुम. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, दिवस असताना खायचीस तशी तांदूळ खातेयस तू. रक्त तपासून घे."

आधी एकदा तपासलं होतं. हिमोग्लोबिन १२.१ आलं, बाईमाणसाला १२ चालतं, म्हणून सगळं ठीक आहे असं सांगून मला परत पाठवलं गेलं होतं. या वेळी ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले त्यांनी आधी विचारलं, "किती धावता?" आणि मग फेरिटिन तपासायला सांगितलं. ते ९ आलं.

फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची कणगी. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या डब्यातलं पीठ. डबा भरलेला दिसतो तोवर घरात कुणाला चिंता नसते, पण मागे कणगीचा तळ लागलेला असू शकतो. अशा वेळी हिमोग्लोबिन अजून बरं दिसत असतानाच माणूस थकायला लागतो. कच्चे तांदूळ, माती, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटणं हीही लोहाच्या कमतरतेची जुनी खूण. आणि धावणाऱ्या बाईची कणगी अनेक वाटांनी रिकामी होते. पाळीतून जातं ते आहेच. घामातूनही थोडं जातं. मिनिटाला १७० पावलं धरली तर तासाला दहा हजारांवर पावलं जमिनीवर आपटतात आणि तळव्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये काही तांबड्या पेशी फुटतात. वर आणखी एक, जे मला अगदी नवं होतं. दमवणाऱ्या धावेनंतर काही तास यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि ते आतड्यातून लोह आत येण्याची वाटच अडवतं. म्हणजे घाट चढून आल्यावर मी जे पालक आणि खजूर मोठ्या श्रद्धेनं खात होते त्यातलं लोह पुरतं आत येतच नव्हतं. त्यावर लगेच चहा. चहा तर लोहाचा वैरीच.

गोळ्या सुरू झाल्या, एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, पुढेमागे एक तास चहा नाही. सासूबाईंनी हळिवाचे लाडू वळले, ओलं खोबरं आणि गूळ घालून, बाळंतिणीला करतात तसे. नुसत्या लाडवांनी ९ चे ३० होत नाहीत, त्याला औषधच लागतं. पण कुणीतरी आपल्यासाठी हळीव भिजत घातलेत, यानंही माणूस उभं राहतं. दोन महिने फक्त चालायचं, असा हुकूम होता. शर्यतीचा नंबर कपाटातच राहिला.

त्या दोन महिन्यांत मी एकाच गोष्टीचा विचार केला. चार महिने मी ज्याला मनाचा दुबळेपणा समजत होते तो शरीराचा निरोप होता. आणि निरोप घेऊन आलेल्याला मी दारातच झोडपत होते. मला त्या शिस्तीवरच्या मजकुराचा अजूनही राग येतो. इच्छा नाहीशी झाली की आपण लगेच इच्छाशक्तीकडे वळतो. आधी झोप पाहावी, रक्त पाहावं, पोटात काय जातंय ते पाहावं, हे कुणी म्हणत नाही. बाईच्या बाबतीत तर नाहीच, कारण तिनं थकलेलं असणं हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं.

आता मला दोन नको वेगवेगळे ओळखू येतात. मनातलं नको दारातच सर्वांत मोठं असतं. बूट घालेपर्यंत ते हट्ट करतं, घाटाच्या पायथ्याशी कुरकुरतं आणि दुसऱ्या किलोमीटरपाशी कधी गळून पडलं ते कळतही नाही. अंगातलं नको उलट चालतं. दारात ते बारीक असतं आणि दुसऱ्या किलोमीटरनंतर वाढत जातं. चढ तोच, वेग कालचाच, पण श्वास कालच्याहून जड. सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी चार-पाच दिवस नेहमीपेक्षा चढी लागते. पहिल्याला थोडं रेटलं तर चालतं. दुसऱ्याला रेटायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये फेरिटिन ३४ झालं. छाती मोकळी झाली, पायऱ्या चढताना धाप लागेना. आणि तरी पहाटे धावावंसं वाटेना. हे मात्र खरोखर मनातलं होतं. तोच घाट, तेच वळण, मनगटावर तेच आकडे, त्यात आणखी काय मिळवायचं ते कळत नव्हतं.

आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षं पहिली आली, २०१२ ते २०१४. मग ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. रस्त्यावरचे बेचाळीस किलोमीटर बाजूला आणि मैदानावरचे जेमतेम साडेसात फेरे, वाटेत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. मी त्या बदलाकडे माझ्या गरजेतून पाहते. धावणं तेच ठेवून त्याचा आकार बदलता येतो, एवढं मी त्यातून घेतलं.

माझा आकार पुतण्यानं बदलला. दिवाळीच्या सुट्टीत आला होता, अकरा वर्षांचा. रविवारी हट्टानं बरोबर निघाला. त्याला पेस माहीत नाही, अंतर माहीत नाही. घाटाच्या कडेला कठड्याचे दगड आहेत, काळे-पांढरे रंगवलेले, काही ठिकाणी रंग उडून आतला काळा पाषाण दिसतो. "काकू, त्या तिसऱ्या दगडापर्यंत!" आणि तो सुटला. तिथं पोचून थांबला, वाकून खालचा सातारा पाहिला, समोरच्या अजिंक्यताऱ्यावर बोट ठेवून आमचं घर कुठं ते शोधलं, माकडाच्या पिलाशी डोळे मोठे करून झालं, आणि मग, "आता त्या वाकड्या दगडापर्यंत!" सातव्या-आठव्या दगडाला मी त्याच्या पुढे होते. कितीतरी महिन्यांनी मी जीव खाऊन धावत होते आणि किती झालं ते मला माहीत नव्हतं. गोस्टा होल्मेर या स्वीडिश प्रशिक्षकानं १९३० च्या दशकात अशाच धावण्याला फार्टलेक म्हटलं, म्हणजे वेगाशी खेळ. मी ते पुस्तकात वाचलेलं होतं, तक्त्यात मांडून केलेलंही होतं, इतके सेकंद जोरात, इतके सावकाश. तक्त्यात मांडल्यावर त्यातला खेळ गेला होता.

पुतण्या सुट्टी संपल्यावर गेला. दगड आहेत. आठवड्यातला एक दिवस मी त्यांना दिला आहे, त्या दिवशी घड्याळ घरी असतं.

गेल्या मंगळवारी कडाक्याची थंडी होती. मोजे दोन्ही पायांत पटकन गेले, हसत निघाले. पायथा गेला, पहिलं वळण गेलं, दुसरा किलोमीटर झाला, आणि श्वास जड व्हायला लागला. आणखी एका वळणापर्यंत पाहिलं. वाढतच होता. आदल्या रात्री पेपर तपासत एक वाजला होता. मी वळले आणि चालत खाली आले.

घरात ह्यांनी विचारलं, "इतक्यात?"

"आज अंगातलं आहे," मी म्हटलं.

त्यांनी चहाचं आधण ठेवायला भांडं काढलं. मी गोळीच्या पाकिटाकडे बोट केलं. भांडं परत मांडणीवर गेलं, आणि त्यांनी लिंबू चिरायला घेतलं.