आगोट

रत्नागिरीत आता आगोट कोणी भरत नाही. शब्द अजून आहे. मे संपत आला की साठीपुढच्या बायका म्हणतात, 'आगोटीची कामं आवरायला हवीत.' पण त्यांच्या फडताळात महिन्याभराचंच सामान असतं. कोपऱ्यावरचं दुकान मुसळधार पावसातही उघडं असतं आणि घाटावरची भाजी रात्रीत आंबा घाट उतरून सकाळी बाजारात येते.

आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावर केलेली चार महिन्यांची बेगमी. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, गूळ, रॉकेल, काड्यापेट्या. वाळवलेली लाकडं, शेणी. आमसुलं, आंब्याची आणि फणसाची साठं. मासे खाणाऱ्यांकडे सुके बांगडे आणि सोडे. हे सगळं मृगाआधी घरात यायचं, कारण मृगानंतर गाव बंद व्हायचं. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला खवळलेला दर्या, उत्तरेला काळबादेवीची आणि दक्षिणेला भाट्याची खाडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांतला.

आमच्या माजघरात तांदळाचे मुडे असत. पेंढा गोल पसरायचा, त्यात तांदूळ ओतायचे, कडा वर घेऊन पेंढ्याच्याच दोरीने आवळत न्यायचं, फट राहू नये म्हणून लाकडाने ठोकायचं. शेवटी भोपळ्याएवढा घट्ट गोळा तयार व्हायचा. त्याला ना पोत्याची गरज, ना पत्र्याच्या डब्याची. मुड्यावर कान ठेवून आजी थोपटायची आणि आवाजावरून आत ओल शिरली की नाही ते सांगायची. मुडा बांधणारा शेवटचा गडी वारला तेव्हा मी शाळेत होते. त्याच्या हातातलं ते काम कुणी शिकून घेतलं नाही, मीही नाही.

मुंबईची बोट. मे अखेरीला ती बंद व्हायची आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा सुरू व्हायची. गावाचं वर्ष त्या दोन तारखांनी विभागलेलं असे. हर्णै, दाभोळ, जयगड करत ती रत्नागिरीला यायची आणि पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्यावरून पणजीला जायची. आमच्या वेळच्या 'रोहिणी' आणि 'कोकण सेवक' ही नावं घरातल्या माणसांसारखी तोंडात होती. मांडवीला बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव तिच्या कुशीला जायचे. लाट वर आली की शिडीवरच्या खलाशाने दंड धरायचा, लाट खाली गेली की पडावातल्याने झेलायचं. त्या दोन हातांच्या मधे एक क्षण आपण कुणाच्याच ताब्यात नसतो. मला तो क्षण अजून पोटात जाणवतो. मांडवीला आज संध्याकाळी भेळ खायला गर्दी असते आणि मला ती गर्दी आवडते. पण तिथे कुणी कुणाची वाट पाहत उभं नसतं.

बंद गावाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. पावसाळ्यात अडलेली बाळंतीण डोलीतून खाडीपर्यंत न्यायची आणि तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, चालू असेल तर पलीकडे. तर चालू नसेल तर काय व्हायचं हे आमच्या घरातही ठाऊक आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा चौसष्ट मीटर उंच पूल. पहिल्या पावसाळ्यात दरडी कोसळून गाड्या अडकल्या तरी लोकांनी रेल्वेवरचा जीव काढून घेतला नाही. रात्री मुंबईला बसलं की सकाळी दवाखान्याच्या दारात. हे मिळालं ते मोठं आहे.

गावाचं हे आडबाजूचं असणं इंग्रज सरकारला एकेकाळी कामाला आलं. १८८५ मध्ये ब्रह्मदेश जिंकल्यावर इंग्रजांनी तिथला शेवटचा राजा थिबा याला आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणलं. एप्रिल! म्हणजे दीड महिन्यात बोट बंद. मंडालेच्या सागवानी राजवाड्यात वाढलेल्या त्या माणसाने आणि सुपयालत राणीने इथला पहिला पाऊस कसा काढला असेल, हे माझ्या मनातून जात नाही. त्यांची आगोट कुणी भरली असेल? त्यांच्यासाठी बांधलेला वाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. राणी १९१९ मध्ये परत गेली. राजाची समाधी इथेच राहिली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्यापुढे येऊन उभे राहिले, तेव्हा गावातल्या कित्येकांना ती कुठे आहे हे पहिल्यांदा कळलं. पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं होतं. भिंत बांधायची गरजच नव्हती.

रापण. पहाटे होडी किनाऱ्यावरून निघायची, अर्धवर्तुळात जाळं सोडत जायची आणि थोड्या अंतरावर परत पुळणीला लागायची. मग दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा. खारवी, दालदी, भंडारी, सकाळी फिरायला आलेला एखादा मास्तरसुद्धा. दोर ओढताना टाच वाळूत रुतवायची आणि पाठ मागे टाकायची, नुसत्या हातांनी जाळं येत नाही. जाळ्याचा खोळ पाण्याबाहेर आला की आत तारली, बांगडे, एखादा सौंदाळा चमकायचा आणि मोठ्याने वाटे मोजले जायचे: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. परकराच्या ओच्यात मला एकदा चार बांगडे मिळाले होते. दोराला हात लावला म्हणून मिळाले होते, भीक म्हणून नव्हे. आईला ते तीनतीनदा सांगितलं होतं.

आता मिरकरवाड्याच्या बंदरात यांत्रिक नौकांची दाटी असते. पर्ससीनच्या जाळ्याने थवाच्या थवा उचलला जातो, रात्री प्रखर दिवे सोडून मासळी ओढली जाते. सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, किनाऱ्यावरचं भांडण त्याने मिटलं नाही. किनाऱ्याजवळ मासळीच आली नाही तर रापण ओढून काय येणार? मी गेल्या वर्षी पाहिली तेव्हा दोराला नऊ माणसं होती. बहुतेक पन्नाशीपुढची.

सडा. शहर सोडून वर चढलं की जांभ्याचं उघडं पठार लागतं. उन्हाळ्यात काळंठिक्कर, पाय भाजणारं. सरकारी कागदात पडीक. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात त्याच कातळाच्या बोटभर मातीतून दीपकाडीचा पांढरा तुरा वर येतो. ही वनस्पती याच भागातल्या कातळसड्यांची, बाहेर जगात कुठे नाही. आणि त्याच कातळावर माणसाने कोरलेली चित्रं आहेत. उक्षीचा हत्ती, जांभरुणचे प्राणी, पुढे राजापूरकडे कशेळीचा अठरा मीटरचा हत्ती आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान आकृत्या. गुराख्यांना ही चित्रं कायमच माहीत होती. पांडवांनी काढली, इतकं सांगून ते पुढे जायचे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण सडा मात्र रोज कमी होतो. चिरेखाणीचं यंत्र सरळ रेषेत कातळ कापत जातं, हापूसच्या कलमांसाठी सुरुंगाने खड्डे पाडून बाहेरची माती भरली जाते. आमचं घर चिऱ्याचंच आहे आणि आंबा आम्हीही विकतो. म्हणून हे वाक्य लिहिताना हात जड होतो. पण लिहायला हवं: ज्या खड्ड्यात कलम लावलं, तिथे काय कोरलेलं होतं ते आम्ही कधी पाहिलं नाही.

पुळण. मिऱ्यावर पंधरामाड नावाची वस्ती आहे. तिथे दर पावसाळ्यात समुद्र आत येतो. माड मुळासकट आडवे होतात, बंधाऱ्याचे दगड लाटा ओढून नेतात, पुन्हा दगड टाकतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटून या बंधाऱ्यावर येऊन बसलं. माणसं वाचली. जहाज वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं आणि पोरं त्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढू लागली. जिथे आम्ही अनवाणी पळायचो तिथे आता काळ्या दगडांवरून जपून उतरावं लागतं, आणि ओहोटीला उतरलं तरच ओली वाळू पायाला लागते.

शब्द. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, गडगा म्हणजे दगडांचं कुंपण, पऱ्या म्हणजे ओढा. इरलं, जे पाठीवर घेऊन बाया लावणीला वाकायच्या, आणि आता निळं प्लास्टिक घेऊन वाकतात. मतलई, म्हणजे रात्री जमिनीवरून दर्याकडे वाहणारा वारा, ज्यावर होड्या पहाटे बाहेर पडत. इंजिनाला तो लागत नाही. उधाण सगळ्यांना कळतं. भांग विचारला तर डोक्याचा दाखवतात. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर मंदावतो, त्या दिवसांना भांग म्हणतात. त्या दिवसांत कालवं काढायला जाऊन उपयोग नाही, पाणी पुरेसं ओसरतच नाही.

भरतीची वेळ. घरात भरती-ओहोटीचा तक्ता नव्हता, घड्याळही एकच होतं. आजी तिथी विचारायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. पुनवेला आणि अवसेला दुपारी दर्या भरलेला असायचा आणि आम्हाला भाट्याला जाऊ देत नसत. शिवणकाम चालू असतानाही तिला हा हिशेब विचारला तर टाका न चुकवता उत्तर यायचं. माझ्या मुलीला पाऊणकी येत नाही. तिच्या मोबाइलमध्ये भरतीची वेळ मिनिटासकट दिसते, ती बरोबरही असते. परवा ती आली होती. भाट्याला जायचं ठरलं. ती पडद्यावर बोट फिरवत होती तोवर मी कालनिर्णयात बघितलं. षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार.