दोन पंचांगांचं घर

देवासच्या आमच्या स्वयंपाकघरात दोन खिळे आहेत. एका खिळ्यावर कालनिर्णय, दुसऱ्यावर जबलपूरचं लाला रामस्वरूप. दोघांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर. आपला महिना अमावास्येला संपतो, मालव्यातला पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्ही घरं एका महिन्यात असतात आणि वद्य लागला की फाटा फुटतो. कृष्ण जन्मतो एकाच मध्यरात्री. पण आमच्याकडे तो श्रावणात जन्मतो आणि शेजारच्या जीजींकडे भादव्यात. पितर जेवायला येतात ते आमच्या भाद्रपदात, त्यांच्या आश्विनात. सालाचंही तसंच. आमच्या शकात 135 मिळवले की त्यांचा विक्रम संवत होतो.

आजी लग्न होऊन वाईहून धारला आली तेव्हा पहिल्याच वर्षी हे तिच्या लक्षात आलं. आषाढी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या बाया श्रावण लागला म्हणून व्रतं करू लागल्या. आजीच्या हिशेबात श्रावणाला अजून पंधरा दिवस होते. ती म्हणायची, "माणसं वेगळी असतील हे ठाऊक होतं गं, पण देवांचे महिनेसुद्धा वेगळे निघतील असं नव्हतं वाटलं." त्या दिवशी ती माजघरात बसून रडली होती.

धारला साडेबारा तलाव आहेत असं तिथली माणसं अभिमानानं सांगतात. आजीला त्यातला एकही घाटासारखा वाटेना. वाईला कृष्णा वाहते, तलावाचं पाणी जागच्या जागी राहतं. माहेरी ती पुढच्या सगळ्या आयुष्यात चार वेळा गेली. तिच्या आईच्या निधनाचं पत्र तेरावा उलटून गेल्यावर हातात पडलं. नव्या मुलखात जाण्याची जी किंमत असते ती अशा कागदांवर लिहिलेली असते, आणि ती कमी होती असं मी कधीच म्हणणार नाही.

खरं तर आम्ही सगळेच इथे आलेले. 29 नोव्हेंबर 1728 रोजी धारजवळ अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मोगलांच्या सुभेदाराचा, गिरिधर बहादुराचा, पराभव केला आणि मराठ्यांना मालव्याचं दार उघडलं. पवार धारला स्थिरावले. देवासला तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू आले आणि त्यांच्या दोन पात्या झाल्या, थोरली नि धाकटी. एवढ्याशा गावात दोन राजे, दोन राजवाडे, आणि हद्द गावातून गेलेली. पुण्याच्या गादीशी धारचा संबंधही जवळचा. दुसरा बाजीराव 1775 मध्ये धारच्या किल्ल्यातच जन्मला. तलवार घेऊन आलेल्यांच्या मागून कारकून आले, भिक्षुक आले, स्वयंपाकी आले, आणि आजीसारख्या ट्रंक घेऊन आलेल्या सुना आल्या. इतिहासात पहिल्यांचीच नावं आहेत. गावं मात्र या मागून आलेल्यांनी वसवली असं मला वाटतं.

इथले लोक आम्हांला दक्षिणी म्हणत. पुण्याला गेलो की चुलत भावंडं म्हणत, "हिंदीवाले आले." मी एकदा "भाजीवाला येऊन राहिलाय" म्हटलं तर सगळी जेवणाची पंगत हसली. मी दहा वर्षांची होते. परत येताना गाडी नर्मदेच्या पुलावर आली, लोकांनी खिडकीतून पैसे टाकले, हात जोडले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण या पुलावर राहतो.

आजीचं रडणं थांबलं कसं, ते तिनं मला सांगितलं होतं. पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा मांडून पोरी गाणी म्हणत. संध्याकाळी आजी दारात उभी राहून ऐके. सगळे शब्द कळत नसत. पण चाल तिला भोंडल्याच्या जवळची वाटली; तेच सासर, तेच माहेर, तीच माहेरच्या वाटेकडे लागलेली नजर. पुढच्या वर्षी तिनं आळीतल्या पोरींना गुलबाशीची फुलं तोडून दिली. नवरात्रात त्याच पोरी आमच्या अंगणात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून होत्या. खिरापतीला दाल-बाफले कोणी करत नाही, आमच्याकडे झाले.

हे लिहिताना मला कुमार गंधर्व आठवल्याशिवाय राहत नाहीत. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले, घरची भाषा कानडी, गाणं शिकले मुंबईला देवधर मास्तरांकडे. 1948 साली क्षयानं पोखरलेली फुफ्फुसं घेऊन ते कोरड्या हवेसाठी देवासला आले. पंचविशीही गाठली नव्हती. लहानपणापासून ज्यांच्या गळ्यानं मैफली जिंकल्या त्यांना डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून सांगितलं. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करत घर आणि आजारपण दोन्ही ओढलं. ते पडून होते आणि ऐकत होते: पाखरं, बाजाराला जाणाऱ्या बायांची गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. पाच-सहा वर्षांनी ते उठले तेव्हा त्या गळ्यात मालवा होता. लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले, त्यांना 'धुनउगम' म्हटलं, आणि 1965 मध्ये त्यांचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक छापून आलं. त्याआधीच, 1961 मध्ये, भानुमतीबाई गेल्या होत्या.

मालव्यानं त्यांचं मराठीशी असलेलं नातं मात्र पुसलं नाही. त्यांनी तुकाराम गायला, बालगंधर्व गायले. परका मुलूख आपलं जुनं काढून घेतो ही भीती मला म्हणूनच खरी वाटत नाही. मुक्या दिवसांत कान मिटून घेतले तर तो काही देत नाही, हे मात्र खरं आहे. 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर इथे आला. तोही परका, तोही गोंधळलेला. पण इथली गोकुळाष्टमी त्यानं ऐकली, पाहिली, आणि त्याच्या इंग्रजी कादंबरीच्या शेवटच्या भागात तुकारामाच्या नावाचा गजर उमटला. देहूहून देवास, देवासहून लंडन.

आता माझा भाचा हॅम्बुर्गला आहे. पहिल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "मावशी, दुकानात जातो, वस्तूकडे बोट दाखवतो आणि परत येतो. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही." मला पटकन म्हणावंसं वाटलं, ये परत. तोंडावर आलेलं गिळलं. आजीच्या दारातल्या संध्याकाळी आठवल्या. विचारलं, "रात्री खिडकी उघडलीस तर काय ऐकू येतं?" तो थोडा थांबला. मग म्हणाला, बंदरावरच्या बोटींचे भोंगे येतात; धुक्यात जास्त. वरच्या मजल्यावर एक म्हातारी रोज सातला पियानो वाजवते, एकाच जागी चुकते. बोलता बोलता अर्धा तास झाला.

तुमच्या घरचंही कोणी असं दूर असेल. त्याला फोनवर करमतं का, जेवलास का, हे विचाराच. पण एवढं आणखी विचारा, आज तिथं काय ऐकलंस?