उडत्या माश्या

लॅटिनमध्ये ‘मुस्के व्होलितांतेस’ म्हणजे उडत्या माश्या. सेमिनरीत शिकलेले लॅटिन आता बरेचसे विस्मरणात गेले आहे. परंतु जुन्या नेत्रवैद्यांनी एका विकाराला दिलेले हे नाव गेल्या चौदा महिन्यांत आमच्या चांगलेच ध्यानात राहिले. डोळ्यांपुढे काळे ठिपके, धागे, कोळिष्टकाचे तुकडे तरंगतात. नजर वळवावी तिकडे तेही वळतात, आणि निरखून पाहू जावे तर बाजूला सरकतात. मराठीत या विकाराला रुळलेले नाव नाही. मोतीबिंदू आमच्या लोकांना ठाऊक आहे, डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांच्या शिबिरांनी त्याच्या शस्त्रक्रियेचे भय खेडोपाड्यांतून पुष्कळच घालविले. काचबिंदूही ऐकून माहीत असतो. डोळ्यातील काचाभ द्रवाचा हा विकार आहे असे सांगितले की ऐकणारा ‘म्हणजे काचबिंदूच की!’ म्हणतो, आणि आम्हांला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.

डोळ्याच्या पोकळीत सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ असतो. त्यात जवळजवळ सारे पाणीच, बाकी अतिसूक्ष्म तंतू. वय वाढते तशी ही जेली पातळ होते, तंतू एकत्र गोळा होतात, आणि बहुधा पन्नाशीनंतर ती मागच्या पडद्यापासून सुटते. गोळा झालेल्या तंतूंची सावली पडद्यावर पडते. माशी म्हणतात ती हीच सावली. बहुतेकांना काही महिन्यांत तिची सवय होते. मात्र एकाएकी ठिपक्यांचा सडा पडला, विजेसारखे चमकू लागले किंवा कडेने काळा पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठला पाहिजे, कारण पडदा फाटल्याची ती खूण असू शकते. वाचकहो, या लेखातील एवढे वाक्य तरी घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे.

आमचा पडदा शाबूत निघाला. डॉक्टरांनी थांबावयास सांगितले, म्हणून आम्ही थांबलो. डाव्या डोळ्यातील माश्या निवळल्या; उजव्यातील निवळल्या नाहीत. चैत्रातले नगर जिल्ह्याचे आकाश ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको की, एवढा लखलखीत, रिकामा कागद माश्यांना दुसरीकडे मिळणे कठीण. (२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जिभेला अजून सवय व्हावयाची आहे.) ब्रेव्हिअरीच्या पानावर ओळीमागून ओळ पुसट होई. मिस्सात ख्रिस्तशरीर वर उचलावे तो त्या शुभ्र वर्तुळावरून एक करडा धागा हळूच वाहत जाई. याची आम्हांला खंत वाटे. पण खंतेसाठी कोणी डोळ्यात सुई घालून घेत नाही.

प्रश्न खरा उभा राहिला तो रस्त्यावर. आमची उपकेंद्रे प्रवरेच्या कालव्यांखालील उसाच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत, आणि लोक शेतातून परतल्यावरच प्रार्थनेला जमतात. परतावयास रात्र होते. गाळपाच्या हंगामात त्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, पुष्कळदा मागे दिवा नसलेले. समोरून ट्रकचा झोत आला की उजव्या डोळ्यापुढे दुधाळ जाळे पसरे आणि क्षणभर रस्ताच नाहीसा होई.

तक्त्यावर मात्र आम्ही ६/६ वाचत होतो! आमच्या वृद्ध मास्तरांनी हे ऐकले आणि म्हणाले, “फादर, डोळा चांगला हाये, मग त्याला सुरी कशापायी लावायची?” शस्त्रक्रियेविरुद्ध याहून चांगला युक्तिवाद आम्हांला कोणा तज्ज्ञाकडूनही ऐकावयास मिळाला नाही. सेमिनरीतील नीतिशास्त्राने येथे फारशी साथ दिली नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये साधारण आणि असाधारण उपायांचा भेद स्पष्ट केला, तो जीव वाचविण्याच्या संदर्भात. येथे जीव धोक्यात नव्हता. निदान डोळ्याच्या विकाराने तरी नव्हता. शिवाय खर्च धर्मप्रांतावर पडणार, हा संकोच होताच.

डोळ्यातील हा द्रव बाहेरून शिरून काढण्याची शस्त्रक्रिया रॉबर्ट माखेमर यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील मायामी येथे प्रथम केली. तेव्हाचे उपकरण सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे होते. आता अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रे पुरतात. द्रव काढून खारे पाणी भरतात, पुढे डोळा आपले पाणी आपणच भरून घेतो. पण पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना त्यानंतर दोनएक वर्षांत मोतीबिंदू काढावा लागतो. पडदा सुटण्याचा धोका शेकडा दोन-तीनांच्या आसपास सांगतात. जंतुसंसर्ग फार विरळा, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. लेझरचाही एक मार्ग आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५२ रुग्णांच्या चाचणीत लेझर घेतलेल्यांना सरासरी ५४ टक्के आराम वाटला, नुसता देखावा केलेल्यांना ९ टक्के. पण तो पडद्यापासून दूर असलेल्या एखाद्या ठळक गाठीसाठी. आमचे जाळे पसरलेले, त्यामुळे तो मार्ग डॉक्टरांनीच बंद केला.

नंतर त्यांनी दुसराच तक्ता समोर धरला. अक्षरे मोठीच, पण ओळीगणिक फिकट होत जाणारी. डाव्या डोळ्याने आम्ही बऱ्याच खालपर्यंत पोहोचलो. उजवा अर्ध्या वाटेतच थांबला. पांढऱ्यावर काळे त्याला दिसत होते, करड्यावर करडे दिसत नव्हते. आणि संध्याकाळच्या धुरळ्यात, मागे दिवा नसलेली उसाची गाडी म्हणजे करड्यावर करडेच की! मास्तरांचे म्हणणे त्या क्षणी आमच्या मनातून गळाले. चांगला डोळा तो नव्हताच.

तेव्हा ठरले. फक्त उजवा डोळा. डाव्याला हात लावावयाचा नाही. शेकडा दोन-तीनांत आपलाही नंबर असू शकतो, हे लिहून सही केली आहे. हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात उरकली की ऑक्टोबरात पुण्याला जावयाचे, म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी दृष्टी स्थिरावेल. तीन आठवडे मोटारसायकल बंद. त्या काळासाठी एक तरुण फादर पाठविण्याची विनंती महागुरुस्वामींनी मान्य केली आहे. आमच्या धर्मभगिनींनी संत लुसीचा नोव्हेना धरण्याचे ठरविले. तिचा सण १३ डिसेंबरचा, म्हणून त्या नेहमीप्रमाणे डिसेंबरात आरंभ करणार होत्या. आम्ही त्यांना सांगितले की, सिस्टर, यंदा सप्टेंबरअखेरच सुरू करा.