मायने माळ उतरवली

‘औषधच ना सर? औषधात कसलं आलंय सोवळं-ओवळं!’ डॉक्टर असं म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली. त्याला आता बराच काळ लोटला. पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही शिरपूरचे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझी माय माळकरी आहे. वडील गेले त्या वर्षी तिने मुक्ताईनगरला जाऊन तुळशीची माळ घातली. तेव्हापासून आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी स्वतः मासे खातो, धुळ्याला शिकत असताना लागलेली सवय. पण ते बाहेर, आणि घरी आल्यावर अंघोळ करून. मायला ठाऊक आहे, ती बोलत नाही. एवढी पार्श्वभूमी पुरे.

२०२२मध्ये तुळशीचं लग्न झालं आणि दोन दिवसांनी मी तिला तपासणीला नेलं. साखर जुनीच होती, गोळ्या चालू होत्या. या खेपेला ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६८ आलं. डॉक्टर म्हणाले, ‘हृदयासाठी एक ओमेगा-थ्री सुरू करू, रोज एक, जेवणानंतर.’ चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलं. शेजारच्याच मेडिकलवर मिळालं. दुकानदाराने कात्रीने पट्ट्या कापून कागदी पाकिटात घातल्या. मोठं खोकं दुकानातच राहिलं.

मायची बोटं आता वाकडी झालीत, पट्टीतून गोळी दाबून काढणं तिला जमत नाही. म्हणून आठवड्याच्या गोळ्या मीच काढून स्टीलच्या डबीत भरून ठेवायचो. सोनेरी, पारदर्शक, उजेडात धरल्या तर मधासारख्या दिसायच्या. ती डबी तिने देवघराच्या फळीवर ठेवली, पूजेनंतर आठवण राहावी म्हणून. विठ्ठल-रुखमाईच्या मूर्तींपासून वीतभर अंतरावर.

मधे मधे ती तक्रार करायची की ढेकराला कुबट वास येतो. मी म्हणायचो, पित्त असेल.

२०२३चा मे. आमच्याकडचा मे ज्याने पाहिला नाही त्याला कसा सांगावा? दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, आणि त्या आठवड्यात पारा ४४च्या आसपास होता. एका सकाळी मायने डबी उघडली तर सगळ्या गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या. तिने नखाने एक सुटी करू पाहिली आणि ती फुटली. तेल तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. मी दाढी करत होतो. तिची हाक आली, ‘भाऊ, हाई काय शे रे? मासासना वास ई राह्यना!’ हे काय आहे रे, माशांचा वास येतोय!

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण जवळ गेलो तर खरंच. मला तर तो वास चांगला ओळखीचा. कचऱ्याच्या डब्यातून रिकाम्या पट्ट्या काढल्या, मोबाइलची बॅटरी लावली. पुढून मोठ्या अक्षरांत ओमेगा-३. मागे चांदीच्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, त्यातही नेमकी कात्री फिरलेली, ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम. ईपीए १८०, डीएचए १२०.’

मायने विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं. लपवावं असं तेव्हा सुचलंच नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. उठून साबणाने हात धुतले, तीन वेळा धुतले. मग अंगणात तुळशीसमोर बसली आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागली. आधी मला वाटलं जप करतेय. जवळ गेलो तर एकादश्या मोजत होती. ‘उत्पत्ती, मोक्षदा, सफला, पुत्रदा, षट्तिला, जया, विजया, आमलकी, पापमोचनी, कामदा, वरूथिनी, मोहिनी.’ बारा. बाराही एकादश्यांना तिने भगर खाऊन वर ती गोळी गिळली होती. बाकीच्या दिवसांचं तिने एवढं मनाला लावून घेतलं नाही. पण त्या बारा दिवसांची नावं ती पुन्हा पुन्हा घेत होती आणि दर खेपेला ‘मोहिनी’वर येऊन थांबत होती, कारण ती जेमतेम आठवड्यापूर्वीची.

मग तिने गळ्यातली माळ काढली, पितळी ताटलीत ठेवून देवापुढे सरकवली आणि म्हणाली, ‘माले काबर सांगं नही?’ मला का सांगितलं नाही? हा प्रश्न डॉक्टरांना होता की मला, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. ती तुळशीला पाणी घालेना, माझ्या बायकोला सांगायची. संध्याकाळचा हरिपाठ मनातल्या मनात, ओठ हलायचे पण आवाज नाही. गळ्यावर माळेच्या जागी फिकट कातडीची एक रेघ दिसायची आणि पदर ओढून ती झाकायची. पंधरा-वीस वर्षांत मी मायचा गळा उघडा पाहिला नव्हता.

गोळी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेडिकलवर गेलो. दुकानदाराने खोकं दाखवलं. त्यावर मांसाहाराची खूण, तपकिरी त्रिकोण होता, नखाएवढा. म्हणजे कायद्याने खूण होती! खोकं ग्राहकाच्या हातात कधी पडत नाही, पट्टीवर ती खूण नाही, पण कायदा पाळलेला होता. आणि हे निदान पूरक आहार म्हणून विकलं जात होतं म्हणून तरी. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर हिरवी-तपकिरी खूण लागतच नाही. २००२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जीवरक्षक औषधं सोडून बाकीच्यांवर अशी खूण असावी म्हणून आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये रद्द केला.

तिथून डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही गेलो. एवढंच विचारायला, की माळकरी बाई समोर बसलीय, गळ्यात माळ दिसतेय, मग एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? बाहेर तीसेक माणसं बसलेली, मला दिसत होतं. पण ‘हे माशाचं तेल आहे, चालेल का?’ एवढं म्हणायला पाच सेकंद लागतात. उत्तर काय मिळालं ते सुरुवातीला सांगितलंच.

मग मी वाचायला बसलो. विज्ञानाचा मास्तर असून सहा महिने पट्टी उलटी करून पाहिली नव्हती, ती चूक माझीच होती. ओमेगा-थ्रीची गोष्ट मुळात खोटी नाही, हे आधी मान्य करतो. दोन स्निग्धाम्लं आपलं शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने १९२९मध्ये उंदरांना अजिबात स्निग्ध नसलेलं खाणं देऊन पाहिलं, तर उंदरांची वाढ खुंटली, कातडी आणि शेपट्या खवलेदार झाल्या. त्यातून ‘आवश्यक’ हे नाव आलं. एक ओमेगा-सहा घराण्यातलं लिनोलेइक, दुसरं ओमेगा-तीन घराण्यातलं अल्फा-लिनोलेनिक. पहिलं आपल्या घरात भरपूर असतं. शेंगदाण्याचं तेल, सरकीचं तेल, तीळ, सगळ्यांत ते आहे. दुसरं शेंगदाणा आणि सरकी दोन्हीत जवळजवळ नाहीच. खान्देशातली भाजी तर्रीदार असते, पण त्या तर्रीतून हे मिळत नाही. म्हणजे मायला ओमेगा-थ्री कमी पडत असेल, हा डॉक्टरांचा अंदाज चुकीचा नव्हता.

पण रोज एक गोळी? पट्टीवर १००० लिहिलेलं असलं तरी त्यातलं कामाचं ओमेगा-थ्री म्हणजे ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅम. ट्रायग्लिसराइड खाली आणायला हेच घटक दिवसाला दोन ते चार ग्रॅम लागतात. म्हणजे अशा सात ते तेरा गोळ्या! आणि हृदयासाठी म्हणाल तर ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या १५,४८० रुग्णांवर ‘असेंड’ नावाची चाचणी झाली. एका गटाला रोज एक ग्रॅमची ओमेगा-थ्रीची कॅप्सूल, दुसऱ्याला ऑलिव्ह तेलाची, सरासरी सात वर्षांहून जास्त. २०१८मध्ये निकाल आला. हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण एकीकडे ८.९ टक्के, दुसरीकडे ९.२. फरक म्हणावा असा नाहीच. त्याच वर्षी अमेरिकेतली २५,८७१ माणसांची ‘व्हायटल’ चाचणी आली, तिचाही मुख्य निकाल तसाच. मोठ्या मात्रेत एका शुद्ध केलेल्या प्रकाराने फायदा झाल्याचं ‘रिड्यूस-इट’ने दाखवलं, पण ती चार ग्रॅमची गोष्ट आणि तिच्यावर वादही झाले. शिवाय मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हेही अशा चाचण्यांतून पुढे आलं. मायचं ट्रायग्लिसराइड सहा महिन्यांनी २५१ होतं. म्हणजे जिथल्या तिथेच.

एवढं वाचून माझा राग आणखी वाढला. माळही गेली आणि फायदाही नाही.

पण दोन गोष्टी मला अजून सुटलेल्या नाहीत, त्या प्रामाणिकपणे सांगतो. पहिली, मायचे गुडघे. त्या हिवाळ्यात ती म्हणायची, या खेपेला सकाळी उठताना कमी आखडतंय. गोळ्या बंद केल्या आणि पावसाळ्यात दुखणं परत आलं. थंडीचा, पावसाचा फरक असेल, मनाचा असेल. मी तिला म्हटलं, शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, माशाच्या अंगात ओमेगा-थ्री येतं ते मुळात शेवाळातूनच, ते शाकाहारी आहे, महाग असलं तरी आणू. ती म्हणाली, आता गोळी नको.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. आमच्या गल्लीतली एक मुलगी गावातच आर. सी. पटेल फार्मसी कॉलेजात शिकते. तिला हा प्रकार सांगितला तर ती हळूच म्हणाली, ‘काका, तेल सोडा. बहुतेक कॅप्सूलचं टरफलच जिलेटिनचं असतं. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात.’ मला उभ्या उभ्या घाम फुटला. मायला टायफॉइड झाला तेव्हाच्या कॅप्सूल, दातदुखीच्या, सर्दीच्या. माळ घातल्यापासून किती? ती पुन्हा मोजायला बसली असती आणि या खेपेला मोजदाद संपली नसती.

मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं नाही म्हणून ज्याचा संताप झाला, त्या माणसाने घरी येऊन तेच केलं. तिच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला म्हणतो. डॉक्टरही कदाचित असंच म्हणत असतील. तरीही मला तेव्हा त्यांचं चुकलं असंच वाटतं. आता एवढंच करतो, कुठलीही कॅप्सूल लिहून दिली की गोळी किंवा पातळ औषध मिळेल का विचारतो, आणि बहुतेक वेळा मिळतं.

आमचे महाराज अपरा एकादशीला घरी आले. मायने ताटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माउली, नकळत घडलं त्याचा दोष नसतो. उठा.’ माळ पुन्हा तिच्या गळ्यात घातली. त्या संध्याकाळी हरिपाठाचा आवाज गल्लीपर्यंत गेला.

आता घरात जवस असतं. लहानपणी असायचंच, मधे कधी सुटलं ते कळलं नाही. माय लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजते, दाणे तडतडून तव्याबाहेर उडायला लागले की उतरवते. मग लसूण, जिरं, सुकी लाल मिरची, मीठ आणि खलबत्ता. अख्खं जवस न चावता तसंच बाहेर पडतं, कुटायलाच हवं. आणि एका वेळी आठवड्यापुरतंच कुटायचं. दारं-खिडक्यांना लावलेलं अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल हवेने ज्या कारणाने सुकतं, त्याच कारणाने कुटलेलं जवस खवट होतं. एका मोठ्या चमच्यात, दहा ग्रॅम धरा, दोन ग्रॅमहून जास्त अल्फा-लिनोलेनिक असतं, बाईमाणसाची दिवसाची गरज अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १.१ ग्रॅम धरलीय. मात्र जवस म्हणजे माशाचं तेल नव्हे. जवसातलं शरीरात ईपीए-डीएचए होतं ते फार थोडं, डीएचए तर नगण्य. ‘जवस खा, हृदयविकार जाईल’ असं मोबाइलवर फिरतं, ते मी पसरवणार नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर ही चटणी चांगली लागते, आणि तिच्यात काय आहे हे मायला पुरतं ठाऊक आहे.

डॉक्टरसाहेब, तुमच्याशी वैर नाही. मायची साखर आजही तुमच्याच गोळ्यांनी आटोक्यात आहे. पण यापुढे ओमेगा-थ्री लिहाल तेव्हा चिठ्ठीवर कंपनीच्या नावाखाली मराठीत दोन शब्द लिहा. माशाचं तेल. घ्यायचं की नाही, ते ज्याचं तो ठरवील.